पठारावरच्या माणसांचा विश्वास

डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्समध्ये एरिक श्वाम नावाचे नव्वद वर्षांचे गृहस्थ वारले. मूळचे व्हिएन्नाचे ज्यू. पत्नी आधीच गेली होती, मूलबाळ नव्हते. मृत्युपत्र उघडले तेव्हा कळले, की त्यांनी सुमारे वीस लाख युरोंची संपत्ती ल शाँबों-स्युर-लिन्यों नावाच्या एका डोंगरी गावाच्या नगरपालिकेला देऊन टाकली आहे. गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ती वापरावी, एवढीच त्यांची इच्छा होती. १९४३ साली बारा-तेरा वर्षांचा एरिक घरच्यांसोबत या गावात आला होता आणि गावाने त्याला सांभाळले होते.

असे सांभाळले गेलेले आणखी पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धातल्या चार वर्षांत दक्षिण फ्रान्समधल्या या गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी हिटलरच्या माणसांपासून पळालेल्यांना आसरा दिला. त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. नेमके किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. कुणी हजारभर म्हणते, कुणी पाच हजारांपर्यंत जाते. आकडा कोणताही धरला, तरी आसरा देणाऱ्यांची स्वतःची संख्या काही हजारांतच होती. बहुतेक जण शेतकरी, गवळी, छोटे दुकानदार आणि शाळामास्तर, आणि त्यांतले बरेचसे प्रोटेस्टंट ख्रिस्ती.

ख्रिस्ती माणसाचा खरा विश्वास कशावरून ओळखायचा, हा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा ल शाँबोंचे नाव घेतले जाते ते यामुळे.

दोन हजार वर्षांचा वाद

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. बायबलच्या नव्या करारातच त्यावर दोन सूर ऐकू येतात. प्रेषित पौलाचे म्हणणे असे, की माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो विश्वासाने. नियम पाळून कमावलेल्या पुण्याईने नव्हे. याकोबाचे पत्र मात्र विचारते, की समोर उघडा, उपाशी माणूस उभा असताना त्याला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्या विश्वासाचा उपयोग काय? देव एकच आहे हे तर भुतेही मानतात, असा टोलाही याकोब मारतो. कृतीवाचूनचा विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पौलाची बाजू उचलून धरली आणि युरोपातले चर्च दुभंगले. १५२२ च्या आपल्या बायबल भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवतकाडीच्या मोलाचे ठरवले. तरीही खरा विश्वास स्वस्थ बसत नाही, तो सत्कृत्य केल्यावाचून राहूच शकत नाही, हे ल्यूथरलाही मान्य होते. त्याचे भांडण होते ते सत्कृत्यांच्या जमाखर्चाशी. कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय चर्चनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा या वादाची धार बरीचशी बोथट झाली. देवाची कृपा आधी, तिच्यावरचा विश्वास मग आणि त्या विश्वासाचे फळ म्हणून कृती, असा क्रम दोघांनीही मान्य केला.

कागदावर हा क्रम सरळ दिसतो. प्रत्यक्षात मुळे कुठे असतात आणि फळ धरते कसे, हे बघायचे तर पठारावर जायला हवे.

मनोऱ्यातल्या बायकांची आठवण

विव्हारे-लिन्यों हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचावर आहे. हिवाळा लांबलचक, बर्फ भिरभिरवणारा वारा सुटला की रस्ते दिसेनासे होतात. एरवी कॅथलिक असलेल्या फ्रान्समध्ये हा पट्टा शतकानुशतके प्रोटेस्टंटांचा. या फ्रेंच प्रोटेस्टंटांना ह्युगेनॉट म्हणतात.

१५९८ च्या नाँतच्या फर्मानाने त्यांना उपासनेची मोकळीक मिळाली होती. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केले आणि पुढची शंभर वर्षे त्यांची परवड झाली. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, पाळकांना फासावर चढवले गेले आणि पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्याच्या सक्तमजुरीला धाडले गेले. लोक रानात, दरीकपारीत जमून चोरून उपासना करीत. एग-मोर्त इथल्या एका मनोऱ्यात ह्युगेनॉट स्त्रियांना डांबून ठेवले होते. त्यांतली मारी द्युराँ १७३० साली आत गेली आणि १७६८ साली बाहेर आली. आपला विश्वास सोडते, एवढे म्हटले असते तर सुटका होती. अडतीस वर्षांत ती तसे म्हणाली नाही. त्या मनोऱ्यातल्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आजही दिसतो. तो तिनेच कोरला, असे मानले जाते.

ल शाँबोंच्या घराघरांत मुले या गोष्टी ऐकत मोठी होत. त्यामुळे सरकारचा हुकूम आणि देवाची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तिथे कुणाला पुस्तकातून शिकवावे लागत नव्हते. पळून आलेल्याला लपवायचे कसे, शिपाई आल्यावर गप्प राहायचे कसे, हेही घराण्याच्या आठवणीत मुरलेले होते. आजूबाजूच्या वस्त्यांवर डार्बीपंथीयांसारखे आणखी छोटे, कडवे बायबलनिष्ठ गटही होते. दारात आलेला ज्यू त्यांना परका वाटत नव्हता. ज्यांच्या गोष्टी ते रोज जुन्या करारात वाचत, त्याच प्रजेतला हा एक, असे ते धरून चालत.

पाळक आणि त्याचे तेरा जण

१९३४ साली या गावात आंद्रे त्रोक्मे नावाचे पाळक आले. उत्तर फ्रान्समधल्या एका सधन कुटुंबात १९०१ साली जन्मलेले; वडील फ्रेंच, आई जर्मन. पहिल्या महायुद्धात त्यांचे गाव जर्मनांच्या ताब्यात होते, आणि तिथेच शस्त्र न धरणारा एक श्रद्धाळू जर्मन सैनिक त्यांना भेटला. शत्रूच्या गणवेशातला तो माणूस पोरवयातल्या आंद्रेच्या मनात कायमचा घर करून राहिला. पुढे त्रोक्मे कट्टर युद्धविरोधी झाले आणि त्यामुळे चर्चमधल्या वरिष्ठांना अडचणीचे वाटू लागले. आडबाजूचे हे डोंगरी गाव त्यांच्या वाट्याला आले, त्यामागे हेही एक कारण होते.

गावात काही हालचाल हवी म्हणून १९३८ मध्ये त्यांनी एक माध्यमिक शाळा सुरू केली. तिच्यासाठी एदुआर्द तेस हे दुसरे युद्धविरोधी पाळक आले. याच सुमारास त्रोक्मेंनी बायबल-अभ्यासाची एक पद्धत बसवली. गावातल्या आणि वाड्यांवरच्या तेरा जणांना ते नियमाने भेटत. एखादा उतारा घ्यायचा, त्यावर मनसोक्त वाद घालायचा आणि मग प्रत्येकाने आपापल्या वाडीवरच्या छोट्या गटाला तो समजावून सांगायचा. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा शब्दशः घ्यायची का? वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला शेजारी आपल्या गावात कोण? अशा प्रश्नांवर चर्चा चाले.

पुढे लपवण्याची वेळ आली, तेव्हा याच गटांचे जाळे कामाला आले. कोणत्या शेतावर जागा आहे, कुणाच्या गोठ्याला मागचे दार आहे, कुणाचे तोंड घट्ट आहे, हे त्या तेरा जणांना माहीत होते. सगळी नावे त्रोक्मेंनाही ठाऊक नसत आणि त्यांनी ती मुद्दाम ठाऊक करून घेतली नाहीत.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने हिटलरपुढे हार पत्करली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्रोक्मे आणि तेस यांनी देवळात उभे राहून सांगितले, की आपल्या सदसद्विवेकावर जबरदस्ती झाली तर तिला आत्मिक शस्त्रांनी विरोध करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. शुभवर्तमानाविरुद्ध जाणारी आज्ञा आली तर ती पाळायची नाही. मात्र भीती, गर्व आणि द्वेष मनात न ठेवता नाकारायची. देश सुन्न झालेला असताना, पुढे काय वाढून ठेवले आहे याचा कुणालाच अंदाज नसताना केलेले हे निवेदन. ते ऐकून लोक उपासना आटोपून घरी गेले आणि आपापल्या कामाला लागले.

दारातली बाई

त्या हिवाळ्यात पाळकाच्या घराचे दार वाजले. पत्नी माग्दा स्वयंपाकघरात होत्या. बाहेर बर्फात भिजलेली, थंडीने कुडकुडणारी एक जर्मन ज्यू बाई उभी होती. आत येऊ का, असे तिने विचारले. माग्दांनी तिला आत घेतले, खायला दिले आणि तिचे ओले जोडे चुलीपाशी वाळत ठेवले. ते जोडे जळून गेले. मग दुसरे जोडे शोधत गावात हिंडणे आले. तिच्यासाठी कागदपत्रे मिळतील या आशेने माग्दा मेयरकडे गेल्या, तर त्याने हात झटकले आणि तिला लवकरात लवकर गावाबाहेर काढा, असे बजावले.

या प्रसंगात कुठेही थोरवीचा आविर्भाव नाही. माग्दांनी पुढे अनेकदा सांगितले, की मदत हवी असलेली माणसे शोधायला आपण कधी गेलो नाही, पण दारात आलेल्याला परतही लावले नाही. मेयरच्या कचेरीतून त्या एक धडा मात्र घेऊन आल्या. यापुढे हे काम सरकारदप्तरी विचारून करायचे नाही.

नंतर येणाऱ्यांची रीघ लागली. गुर्स आणि रिव्हसाल्त इथल्या छावण्यांत हजारो परदेशी ज्यू कोंडलेले होते. क्वेकर मंडळी, स्विस मदतसंस्था, ‘सिमाद’ ही प्रोटेस्टंट तरुणांची संघटना आणि ‘ओझे’ ही ज्यू संस्था छावण्यांतून मुलांना सोडवून आणत. अडचण असे ती त्यांना ठेवायचे कुठे याची, कारण बहुतेक गावे हा धोका पत्करायला तयार नव्हती. ल शाँबोंत एकामागून एक वसतिगृहे उघडली. त्यांतल्या एकात राहून गावच्या शाळेत शिकलेला अलेक्झांडर ग्रोथेंडीक नावाचा मुलगा पुढे विसाव्या शतकातला एक थोर गणितज्ञ झाला.

बसगाड्या रिकाम्या

१६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी पॅरिसमध्ये तेरा हजारांवर ज्यूंना धरले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. महिना उलटायच्या आत, १० ऑगस्टला, हिटलरशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचे युवकखात्याचे प्रमुख जॉर्ज लामिराँ ल शाँबोंच्या भेटीला आले. उपासना झाल्यावर शाळेच्या काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र ठेवले. पॅरिसमध्ये काय झाले ते आम्हाला कळले आहे, आमच्यात ज्यू आहेत, आम्ही ज्यू आणि बिगरज्यू असा भेद करीत नाही, तो शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे आणि आमच्या सोबत्यांना न्यायला कुणी आले तर आम्ही त्यांना लपवू, असा त्या पत्राचा आशय होता. लामिराँ यांनी विषय जिल्हाधिकाऱ्याकडे ढकलला. जिल्हाधिकारी त्रोक्मेंवर संतापला. ज्यू म्हणजे काय ते आम्हाला कळत नाही, आम्ही माणसे ओळखतो, अशा अर्थाचे उत्तर त्रोक्मेंनी दिले.

थोड्याच दिवसांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. ज्यूंची यादी द्या, म्हणाले. त्रोक्मेंनी नकार दिला. त्या रात्री निरोप वाड्यावाड्यांवर पोचले आणि लपलेली माणसे रानात आणि दूरच्या शेतांवर पांगली. रविवारी देवळात त्रोक्मेंनी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या आश्रयनगरांची आठवण करून दिली. निरपराध्याचे रक्त सांडू नये म्हणून प्राचीन इस्राएलात राखून ठेवलेली ती नगरे. पोलिसांनी काही आठवडे घरेदारे, माळे आणि तळघरे धुंडाळली. बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे, तेस आणि गावातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. पोलीस त्रोक्मेंना न्यायला घरी आले तेव्हा जेवणाची वेळ होती, आणि माग्दांनी त्या पोलिसांनाही जेवायला वाढले. लोकांनी नंतर नवल केले, तर त्या उलट वैतागल्या. जेवणाची वेळ झाली होती, माणसे समोर उभी होती, त्यात विशेष ते काय? रस्त्याच्या कडेला गाव जमले आणि ल्यूथरचे प्रसिद्ध स्तोत्र म्हणत त्यांनी पाळकाला निरोप दिला. तिघांना एका छावणीत ठेवले होते. तिथून सुटका हवी तर सरकारची आज्ञा पाळण्याच्या हमीपत्रावर सही करा, असे त्यांना सांगण्यात आले. दार्सिसाक यांनी सही केली. सरकारी शाळेचे शिक्षक म्हणून ते तशा शपथेने आधीच बांधलेले होते. दोन्ही पाळकांनी नकार दिला, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनाही सोडून देण्यात आले.

तेच बायबल, तोच ल्यूथर

ज्याचे स्तोत्र गावाने म्हटले, त्या ल्यूथरनेच १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध एक विखारी पुस्तक लिहिले होते, आणि नाझींनी ते आनंदाने वापरले. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या क्रीडागृहात ‘जर्मन ख्रिस्ती’ या गटाची प्रचंड सभा झाली. ज्यूंचा वास असलेला जुना करार चर्चमधून काढून टाका, अशी मागणी तिथे टाळ्यांच्या कडकडाटात झाली. त्या सभेतल्या लोकांचाही बाप्तिस्मा झालेला होता, तेही रविवारी देवळात जात आणि तीच स्तोत्रे गात.

त्यांना विरोध करणाऱ्या पाळकांनी मे १९३४ मध्ये बार्मेन शहरात जाहीरनामा काढला. चर्चचा धनी ख्रिस्त आहे, कोणी राष्ट्रनेता नव्हे, असे त्यांनी ठणकावले. ते धाडसाचेच होते. पण ज्यूंच्या छळाबद्दल त्या जाहीरनाम्यात अवाक्षरही नाही. याच विरोधी गटातल्या डीट्रिख बोनहोफर या तरुण धर्मशास्त्रज्ञाने १९३७ च्या आपल्या पुस्तकात स्वस्तातल्या कृपेवर टीका केली. क्षमा हवी पण पश्चात्ताप नको, ख्रिस्त हवा पण त्याच्या मागे चालणे नको, अशा विश्वासाला तो चर्चचा हाडवैरी म्हणतो. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिली.

त्यामुळे ल शाँबोंची कहाणी ख्रिस्ती धर्माची जाहिरात म्हणून सांगता येत नाही. त्या काळात ख्रिस्ती म्हणवणाऱ्या युरोपात अशी गावे विरळाच होती. ती कहाणी टोचते ती ख्रिस्ती वाचकालाच.

खोट्या कागदांचे ओझे

लपवायचे म्हणजे नाव बदलायचे, आणि नाव बदलायचे म्हणजे खोटी ओळखपत्रे आणि खोटी शिधापत्रके. ऑस्कर रोसोव्स्की हा जेमतेम विशीतला ज्यू तरुण या कामात वाकबगार झाला. एका शेतावर राहून त्याने हजारो कागद बनवले. रबरी शिक्के आणि तयार कागद शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत दडवलेले असत. टेलिफोनवरून किंवा चिठ्ठीतून ‘जुने करार’ पाठवत असल्याचा निरोप आला की ज्यू माणसे येत आहेत असे समजायचे, अशीही आठवण पठारावर सांगितली जाते.

खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांतली एक. लहानपणापासून खरे बोलण्याचे वळण लागलेल्या या माणसांना हे सगळे सहज गेले नाही. एका प्रसंगी रेल्वे स्थानकावर पोलिसांनी अडवले असताना स्वतःचे खोटे नाव सांगायचे की नाही, या पेचात त्रोक्मे पडले होते. माणसे वाचवण्यासाठी खोटे कागद करणे भागच होते, हे माग्दांना कळत होते, पण मुलांना खोटे बोलायची सवय लागते आहे याची खंत त्यांना होती. हे खोटे पुण्याचे म्हणून मिरवणारे पठारावर फारसे कुणी नव्हते. बरेच जण ते करीत राहिले आणि त्याचा सलही बाळगून राहिले.

श्रद्धा कुणाची, किती?

माग्दांच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल बोलायचे, तर ती चर्चच्या चौकटीत नीट बसत नव्हती. धर्मतत्त्वांच्या बारीकसारीक चर्चेत त्यांना रस नव्हता. पाळकाची बायको असूनही आपण फारशा धार्मिक नाही, असे त्या मोकळेपणी सांगत. विश्वास म्हणजे मतांची यादी बिनचूक म्हणून दाखवणे असेल, तर त्या नापास होतात. याकोबाची कसोटी लावली, तर त्या कुठल्या कुठे पुढे निघून जातात.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाईंची आठवण व्हावी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, बिशपांचा अधिकार, चर्चने ठरवून दिलेली श्रद्धासूत्रे यांवरून सिस्टर जेराल्डिन या आपल्या गुरुस्थानी असलेल्या जोगिणीशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. जेराल्डिन यांना तो गर्व वाटला. ख्रिस्ताला मानले म्हणजे एखाद्या चर्चची ताबेदारी पत्करली असे होत नाही, हे रमाबाईंचे म्हणणे. शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेवरून झालेल्या वादात १८९३ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनीही त्यांची साथ सोडली. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा आईवडिलांना दुष्काळातच गमावलेल्या या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. प्रश्न विचारणारा विश्वास कच्चा असतो, या समजुतीला केडगावाइतके सडेतोड उत्तर शोधून सापडणार नाही.

पठारावरही मदत करणारे सगळे एका साच्यातले नव्हते. कॅथलिक कुटुंबे होती, धर्म न मानणारे शिक्षक होते आणि स्वतः ज्यू असलेले कार्यकर्ते होते. त्रोक्मेंची अहिंसा सगळ्यांना पटली होती असेही नाही. पुढे पुढे गावातले काही तरुण हत्यारे घेऊन जंगलातल्या बंडखोरांना मिळाले. २०१४ मध्ये कॅरोलाइन मूरहेड या लेखिकेने आपल्या पुस्तकात, एका पाळकाभोवती फिरणारी ही कथा फारच गुळगुळीत केली गेल्याचे दाखवून दिले. आजूबाजूच्या गावांचे, इतर पाळकांचे आणि अनाम शेतकऱ्यांचे श्रेय त्यात झाकले गेले होते. तिच्या काही तपशिलांवर गावातल्या लोकांनी हरकत घेतली, पण श्रेय वाटून घ्यायला हवे, हा मुद्दा टिकला.

किंमत

आंद्रे त्रोक्मेंचे नातलग दानिएल त्रोक्मे तिशीतले, हृदयाचे दुखणे असलेले शिक्षक. मुलांच्या एका वसतिगृहाची जबाबदारी त्यांनी घेतली होती. २९ जून १९४३ च्या पहाटे नाझींच्या गेस्टापो या गुप्त पोलीस दलाने त्यांच्याच देखरेखीखालच्या दुसऱ्या वसतिगृहावर छापा घातला. दानिएल तिथे नव्हते, त्यांना निसटता आले असते. ते आपल्या विद्यार्थ्यांपाशी जाऊन उभे राहिले. एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधल्या मायदानेक छावणीत त्यांचा अंत झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए हे एकेकाळी आफ्रिकेत अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या हाताखाली काम केलेले. ऑगस्ट १९४४ मध्ये, लियों शहर मुक्त व्हायला थोडेच दिवस उरले असताना, जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या.

त्याच महिन्यात त्रोक्मेंचा चौदा वर्षांचा मुलगा झाँ-पिएर घरातच वारला. फाशी गेलेल्यांवरच्या एका कवितेचे सादरीकरण त्याने पाहिले होते. त्याची नक्कल करताना अपघाताने गळफास बसला. आंद्रे त्रोक्मे आतून मोडले. देव सगळे भल्यासाठीच करतो, या सांत्वनाचा आधार त्यांना उरला नाही. आपल्या आठवणींत त्यांनी स्वतःची तुलना शेंडा तुटलेल्या पाइनशी केली आहे. तसे झाड जगते, पण त्याला पुन्हा शेंडा फुटत नाही. देव अपघात थांबवतो, असे त्यानंतर त्यांनी मानले नाही. प्रवचने मात्र चालू राहिली. गाव मुक्त झाल्यावर पकडलेल्या जर्मन सैनिकांनाही ते भेटायला जात आणि त्यांच्यासाठी उपासना चालवीत. काल गेस्टापोपासून लपलेल्या गावात हे अनेकांना रुचले नाही. डोंगरावरच्या प्रवचनातला शत्रू कोण, हा तेरा जणांच्या बैठकीतला जुना प्रश्न पुन्हा समोर आला होता, आणि या वेळी गावाचे उत्तर एकमुखी नव्हते.

पठार आज

जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्रोक्मे पतिपत्नींना आणि दानिएलना वेगवेगळ्या वेळी गौरवले, आणि १९९० मध्ये सबंध पठाराला सन्मानपत्र दिले. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाक शिराक गावात येऊन भाषण करून गेले. २०१३ पासून तिथे एक संग्रहालय आहे. ज्यांच्या नावाने हे सगळे झाले, त्यांतले बरेच शेतकरी मुलाखत घ्यायला आलेल्यांना फारसे काही सांगू शकले नव्हते. ल शाँबोंतच जन्मलेले ज्यू दिग्दर्शक पिएर सोव्हाज १९८० च्या दशकात कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तुम्ही हे का केलेत, असे विचारू लागले. समोरची म्हातारी माणसे खांदे उडवीत. सवय होती, एवढेच उत्तर.

ती सवय चर्चमध्ये लागली होती. आज फ्रान्सच्या इतर भागांप्रमाणे पठारावरही रविवारच्या उपासनेला येणारी डोकी कमी झाली आहेत, आणि त्रोक्मेंनी काढलेली शाळाही बंद झाली आहे. पण गावात आश्रय मागणाऱ्या निर्वासितांसाठी सरकारी केंद्र आहे. चेचेन्या आणि काकेशसचा इतर भाग, आफ्रिका अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे तिथे निकालाची वाट पाहत राहतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मॅगी पॅक्सन यांनी या कुटुंबांमध्ये बराच काळ घालवून २०१९ मध्ये पुस्तक लिहिले. चांगुलपणा एखाद्या समाजाच्या अंगवळणी कसा पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. भाषा शिकवायला, मुलांना सांभाळायला आणि कचेरीतल्या कागदांत मदत करायला गावातले लोक येतात. त्यांतले काही अजून रविवारी देवळात जातात, काहींनी ते कधीच सोडले आहे. आजीच्या बायबलातून आलेली सवय बायबल मिटल्यावर किती पिढ्या टिकते, हे अजून कुणाला सांगता येत नाही.